पाऊण मिलिमीटरचा हिशेब

एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. समुद्रकिनारा साफ करणाऱ्या यंत्रात २५.४ मिमी पिचची (दोन सांध्यांमधल्या अंतराची) चेन असेल आणि तिचा प्रत्येक सांधा एवढा झिजला असेल, तर चेन ३ टक्क्यांनी लांबलेली असते आणि तिचे काम संपलेले असते. ती तुटलेली नसते. फिरवली तर फिरते. तेलाचा हात मारलेला असेल तर नव्या चेनशेजारी ठेवूनही फरक पटकन कळत नाही. म्हणूनच ती यंत्रावर राहते आणि पुढचे दोन-तीन सुटे भाग सोबत घेऊन जाते.

नवी चेन १२ पिचला ३०४.८ मिमी भरते, बाद चेन ३१३.९ मिमी. फरक ९.१ मिमीचा आहे आणि तो पोलादी फूटपट्टीवरही दिसतो. दोन स्प्रॉकेटमधले अंतर कायमचे बांधलेले असेल, टायटनर सरकवायला जागा नसेल, तर मर्यादा निम्मी होते : १.५ टक्के, म्हणजे ३०९.४ मिमी. वर्कशॉपमध्ये याला ‘चेन ताणली’ म्हणतात. पोलादाच्या पट्ट्या खरे तर ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात आणि प्रत्येक सांध्यातली ढिलाई पुढच्या सांध्यात मिळवली जाते. पिनच्या पृष्ठभागाला कडक केलेला थर असतो. तो संपला की आतले पोलाद मऊ लागते आणि तिथून पुढची झीज आधीच्या वेगाने होत नाही. ३ टक्क्यांची मर्यादा बरीचशी त्या थरामुळे आली आहे.

ही झीज किती वेळात व्हावी, याचे गणित मांडता येते. समजा, चेन ८० कड्यांची आहे, स्प्रॉकेट १७ दातांचे आहे आणि ते मिनिटाला १५० फेरे घेते. चेनची मिनिटाला सुमारे ३२ आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात एकेक सांधा ४ वेळा हलतो : दोन्ही स्प्रॉकेटवर चढताना वाकतो आणि उतरताना सरळ होतो. यंत्र रोज सकाळी ४ तास, वर्षातून १२० दिवस चालले (१२० का, ते पुढे येईल), तर ४८० तासांत एक सांधा ३६.७ लाख वेळा हलतो. ०.७६ मिमीला ३६.७ लाखांनी भागले की ०.२ नॅनोमीटर येतात. लोखंडाचा अणू सुमारे ०.२५ नॅनोमीटर रुंद असतो. म्हणजे चेन एक वर्ष टिकवायची असेल, तर प्रत्येक हालचालीत सरासरी एका अणूच्या जाडीपेक्षाही कमी पोलाद जायला हवे. सांध्यात वाळूची भुकटी शिरली आणि झीज दहापट झाली, तर ४८० तासांचे ४८ होतात. म्हणजे १२ सकाळी.

वाळू शिरते, कारण हे यंत्र मुख्यतः वाळूच वाहते. किनारा साफ करणारी यंत्रे ढोबळमानाने दोन जातींची. एका जातीत दाताळे असते : पट्ट्यावर बसवलेले लवचिक पोलादी दात कचरा विंचरून वर घेतात. दुसरीत फाळ वाळूचा थरच्या थर उचलून जाळीच्या पट्ट्यावर टाकतो, वाळू गळून जाते आणि कचरा हॉपरमध्ये पडतो. दाताळ्याच्या पट्ट्यावर वाळू कमी चढते, दात मात्र मोडतात. जाळीच्या यंत्रात भार मोठा असल्यामुळे पुढचे गणित त्याचे आहे.

फाळाची रुंदी १.८ मीटर, खोली ५ सेंटीमीटर, वेग ताशी ४ किलोमीटर धरू. सेकंदाला ०.१ घनमीटर वाळू आत येते. कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला १.६ टन धरले, तर सेकंदाला १६० किलो, तासाला ५७६ टन. त्या तासात एक टन कचरा हाती लागला असे मानले, तरी त्याचा वाटा ०.१७ टक्के. उरलेले ९९.८३ टक्के काम वाळू उचलून पुन्हा खाली टाकण्याचे. या यंत्राला ‘कचरा उचलणारे’ म्हणणे वजनाच्या हिशेबाने बरोबर नाही.

खोलीचा लिव्हर ऑपरेटरच्या हातात असतो. एक सेंटीमीटर खोल गेले की तासाला ११५ टन वाळू वाढते. भारात २० टक्के वाढ. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश होते. बेअरिंगवरचा भार वाळूच्याच प्रमाणात वाढतो असे धरले, तर २० टक्के वाढ म्हणजे १.२ चा घन, १.७३, आणि आयुष्य ५८ टक्क्यांवर येते. त्या एका सेंटीमीटरची किंमत बेअरिंगच्या आयुष्याचे ४२ टक्के. ओल्या वाळूचे गणित याच जातीचे आहे. घनमीटरला १.९ टन धरली तर भार १९ टक्क्यांनी वाढतो आणि आयुष्य ६० टक्क्यांवर उतरते. शिवाय ओली वाळू जाळीतून गळत नाही, पट्ट्याच्या टोकापर्यंत जाते. म्हणजे भार वाढतो आणि अंतरही वाढते.

रत्नागिरीजवळ काळबादेवी आणि मिऱ्याच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असते. त्याची घनता ४.७, क्वार्ट्झची २.६५. वाळूत आकारमानाने पाचवा हिस्सा इल्मेनाइट असेल तर तीच पाटी १५ टक्क्यांनी जड होते. शिंपल्यांचा चुरा जास्त असलेल्या किनाऱ्यावर उलटी गोष्ट : शिंपल्याची कठिणता मोह्‌सच्या मापावर ३.५ ते ४, क्वार्ट्झची ७. दोन किनाऱ्यांवर एकाच कंपनीची, एकाच मापाची चेन वेगवेगळे तास चालली, तर दोष चेनचा की फिटरचा, हे ठरवण्याआधी मूठभर वाळू भिंगाखाली पाहिलेली बरी.

एक आकडा मात्र अपेक्षेच्या उलट आहे. सेकंदाला १६० किलो वाळू दीड मीटर उंच न्यायला निव्वळ २.३५ किलोवॅट लागतात, म्हणजे ३.२ अश्वशक्ती. एवढ्यात विहिरीवरचा पंप चालतो. तरी यंत्राला ट्रॅक्टर मोठा जोडावा लागतो, कारण बाकीची ताकद फाळ वाळूतून ओढण्यात, टायर रुतण्यात आणि घर्षणात जाते. पहिल्या दोन गोष्टींना इलाज थोडा आहे. तिसरी देखभालीच्या हातात आहे.

घर्षण म्हटले की हात ग्रीसच्या डब्याकडे जातो. बेअरिंगसाठी ते बरोबर आहे. उघड्या चेनसाठी चूक. व्हॉल्व्ह बसवताना गॅरेजमध्ये जी घासाईची पेस्ट वापरतात, ती म्हणजे ग्रीस आणि कठीण भुकटी यांचे मिश्रण. वाळूत चालणाऱ्या चेनला बाहेरून ग्रीस चोपडणे म्हणजे ती पेस्ट यंत्रावरच तयार करणे. क्वार्ट्झची विकर्स कठिणता सुमारे १,१००, चेनच्या कडक केलेल्या पिनची ७००च्या आसपास, साध्या पोलादाची १३०. तिन्ही आकडे शेजारी ठेवले की कोण कोणाला कापणार याची चर्चा उरत नाही. चेनला पातळ तेल हवे, तेही धुऊन वाळवल्यावर, आणि लावून झाल्यावर बाहेरचे फडक्याने पुसून काढायला हवे. तेलाचे काम पिन आणि बुश यांच्या मध्ये आहे, पट्ट्यांवर नाही.

‘मग स्टेनलेसची चेन घाला’ हा सल्ला प्रत्येक बैठकीत कोणीतरी देतोच. ३०४ जातीच्या मऊ अवस्थेतल्या स्टेनलेसची कठिणता २००पर्यंत. गंजाच्या हिशेबात ती वरचढ, झिजेच्या हिशेबात कडक केलेल्या पिनच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. शिवाय खाऱ्या पाण्यात ३०४ला बारीक खड्डे पडतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ त्या बाबतीत बरे, पण मऊपणा तोच. मीठ आणि वाळू या दोघांना एकच धातू पुरा पडत नाही. ज्या भागावर भार कमी आणि ओल जास्त, म्हणजे जाळी, बोल्ट, झाकणे, तिथे स्टेनलेस ठेवावे. ओढणाऱ्या चेनला कडक पोलादच हवे, आणि रोजचे धुणे हवे.

धुण्याचा हिशेब मिठापासून सुरू होतो. समुद्राच्या पाण्यात किलोला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सकाळच्या फेरीनंतर यंत्राच्या कोनाकोपऱ्यांत २० किलो ओली वाळू अडकली आणि तिच्यात वजनाने पाचवा हिस्सा पाणी असले, तर ४ किलो पाणी, १४० ग्रॅम मीठ. न धुता १२० सकाळी गेल्या तर १६.८ किलो. किराणा दुकानातल्या मिठाच्या सतरा पिशव्या.

पाणी उडून गेले की गंज थांबेल, हा समज ७५ आणि ३३ या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड, म्हणजे जेवणातले मीठ, हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. पावसाळ्यात मीठदाणीत तांदळाचे दाणे टाकतात ते याचसाठी. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. मुंबईत हिवाळ्याच्या दुपारीही आर्द्रता बहुतेक वेळा त्याहून जास्त असते. म्हणजे न धुतलेले यंत्र शेडमध्ये, ताडपत्रीखाली, पाण्याचा थेंबही न लागता जवळपास बारा महिने ओले असते. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. चेनच्या सांध्यात ती जागा नसते, मग सांधा आखडतो. चाललेल्या तासांच्या वहीत शून्य भरत असते आणि चेन जात असते. यंत्र कामापेक्षा उभे राहून जास्त खराब होते असे फिटर सांगतात, तेव्हा ते अतिशयोक्ती करत नसतात.

पाणी किती लागते, हा पुढचा प्रश्न. समजा धुऊन निथळल्यावर यंत्राला ४ लिटर पाणी चिकटून राहते. १५० लिटरने एकदाच धुतले तर १४० ग्रॅमपैकी ३.६ ग्रॅम मीठ उरते. तेच १५० लिटर ५०-५०च्या तीन हप्त्यांत वापरले आणि दर वेळी निथळू दिले, तर ०.०६ ग्रॅम. पाणी तेवढेच, उरलेले मीठ साठ पटींहून कमी. मीठ पाण्यात पूर्ण मिसळते असे यात धरले आहे. प्रत्यक्षात कोपऱ्यांत तसे होत नाही, त्यामुळे आकडे इतके सुबक येणार नाहीत, पण दिशा हीच राहील. घरोघरी कपडे तीन पाण्यांतून काढतात, त्यामागे हेच भागाकार आहेत.

धुण्याचा अतिरेकही मोजता येतो. साध्या ऑइल सीलची क्षमता ०.३ बार दाबाच्या आसपास असते. प्रेशर वॉशरच्या नळीतून १०० बारने पाणी निघते, तीनशेपटीहून जास्त. फवारा लांबून आणि पसरट असेल तर तो दाब सीलपर्यंत पोहोचत नाही. बेअरिंगच्या तोंडाशी धरला तर पाणी आणि वाळू दोन्ही आत ढकलली जातात. २५ मिमी भोकाच्या साध्या बेअरिंगमध्ये आतली मोकळी जागा ५ ते २० मायक्रॉन. मध्यम वाळूचा कण २५० मायक्रॉनपासून सुरू होतो, जागेच्या बारापटीहून मोठा. तो अख्खा मावत नाही. चुरा होऊन मावतो.

मागच्या पावसाळ्यानंतर एका किनाऱ्यावर असे यंत्र उघडताना मी पाहिले. पट्ट्याच्या खालच्या रोलरचे बेअरिंग गेले होते आणि वहीत कारण लिहिले होते ‘ग्रीसचा अभाव’. फिटरने झाकण काढले तर आत ग्रीस भरपूर होते, करड्या रंगाचे. त्याने चिमटीत घेऊन ते बोटांवर चोळले. “वाजतंय बघा,” तो म्हणाला. खरोखर करकर ऐकू येत होती. सीलची कड एका जागी उलटी वळलेली होती आणि तिच्यात निळ्या नायलॉनचा, केसाहून थोडा जाड असा, दीड वीतभर धागा अडकलेला होता.

धाग्याचे गणित छोटे आहे. शाफ्ट ५० मिमी जाडीचा आणि फेरे मिनिटाला १५० असले, तर तो मिनिटाला साडेतेवीस मीटर धागा गुंडाळून घेतो. ऑपरेटरला आवाज बदललेला कळेपर्यंत दोन मिनिटे गेली, तर ४७ मीटर. गुंडाळी सरकत सरकत सीलच्या कडेखाली जाते, सील उचलते आणि वाळूला वाट करून देते. यात घनतेचाही खेळ आहे. नायलॉनची घनता १.१४, समुद्राच्या पाण्याची १.०२५, पॉलिप्रॉपिलीनची ०.९१. पॉलिप्रॉपिलीनचे दोर तरंगत भरतीच्या रेषेवर येऊन पडतात आणि दिसतात. नायलॉनचे जाळे बुडते, वाळूत पुरले जाते आणि फाळाला सापडते. वर्सोव्यात अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये सुरू केलेली सफाई मुख्यतः हातांनी झाली, आणि पुरलेली जाळी व कापडे काढण्याचे काम आजही हातांचेच आहे. यंत्रापुढे दोन माणसे चालली तर ती यंत्राला पर्याय म्हणून नसतात, ऑइल सीलचे संरक्षण म्हणून असतात. खर्चाच्या तक्त्यात ती मजुरीत दिसतात, देखभालीत नाही.

पट्टा घसरू लागला की तो ताणायचा, ही सवय सगळीकडे आहे. ताणाचा बोल्ट एम-१६ असेल तर त्याच्या आट्यांचे अंतर २ मिमी. दोन फेरे आवळले की रोलर ४ मिमी सरकतो. घाईत एकाच बाजूने आवळले, तर १.८ मीटरच्या रुंदीत ४ मिमीचा तिरकेपणा येतो, पट्टा सैल बाजूकडे सरकतो आणि त्याची कड चौकटीला घासते. दोन्ही बाजूंनी आवळले तर कड वाचते, पण ताण वाढतो, आणि तो पुन्हा त्याच घनाच्या नियमाने बेअरिंगवर वसूल होतो. पट्टा घसरण्याचे कारण बहुतेक वेळा रोलरवर चिकटलेली ओली वाळू असते. ती खरवडायला पाना लागत नाही.

आता यंत्राला फिरवणारा भाग. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. ४ तासांच्या सकाळी १ लाख २९ हजार ६०० फेरे, १२० सकाळींत १ कोटी ५५ लाख. ३० किलोवॅट ताकद ५४० फेऱ्यांना जात असेल तर पीळ ५३० न्यूटन-मीटर. डिझेल वाचवायला ऑपरेटरने इंजिन उतरवले, पीटीओ ४००वर आला आणि जमिनीवरचा वेग तोच राहिला, तर तेवढीच वाळू कमी फेऱ्यांत उचलावी लागते. पीळ ७१६वर जातो, ३५ टक्के जास्त. वाचलेले डिझेल मोजता येते, म्हणून ते लिहिले जाते. शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटमधल्या क्रॉसच्या सुईदार बेअरिंगने सोसलेले ३५ टक्के कुठे लिहिले जात नाहीत.

कोनाचे आकडे याहून बोलके आहेत. युनिव्हर्सल जॉइंट १५ अंशांत वाकलेला असला तर ५४०चा वेग प्रत्येक फेऱ्यात ५२२ आणि ५५९ यांच्यात वरखाली होतो. ३० अंशांत ४६८ आणि ६२४ यांच्यात. कोन दुप्पट, हेलकावा चौपटीहून जास्त. तो फेऱ्यात दोनदा येतो, म्हणजे मिनिटाला १,०८० हिसके. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर पुढे जाणारा वेग एकसारखा होतो, पण मधल्या शाफ्टची थरथर राहतेच. हॉपर रिकामा करायला यंत्र उचलले की कोन वाढतो. त्या अर्ध्या मिनिटापुरता पीटीओ बंद करणे हा नियम प्रत्येक पुस्तिकेत असतो आणि किनाऱ्यावर सर्वांत आधी तोच मोडला जातो. स्प्रॉकेटमध्येही असाच हिसका लपलेला असतो. १७ दातांवर चेनच्या वेगात १.७ टक्के चढउतार होतो, ११ दातांवर ४ टक्के. बाजारात १७ दातांचे मिळाले नाही म्हणून ११चे बसवले, तर पट्टा चालतो, पण चेनला प्रत्येक दाताला चापट बसते.

दगड किंवा लाकडी ओंडका अडकला तर सगळे वाचवायला एक शिअर बोल्ट असतो. त्याचे काम तुटणे. बोल्टच्या डोक्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिल्याला १००ने गुणले की ताणशक्ती मेगापास्कलमध्ये मिळते : ४.६ म्हणजे ४००, ८.८ म्हणजे ८००, १२.९ म्हणजे १,२००. ‘सारखा तुटतो’ म्हणून ४.६च्या जागी ८.८ घातला, तर तुटण्याची मर्यादा दुप्पट होते आणि तुटायचा क्रमांक पुढच्या भागाकडे जातो : स्प्रॉकेटच्या चावीकडे, नाहीतर गिअरबॉक्सकडे. एका यंत्राच्या टूलबॉक्समध्ये मला शिअर बोल्टच्या डबीत तिन्ही प्रकार एकत्र मिळाले. डबीवर खडूने ‘तुटणारे’ लिहिले होते.

चेनच्या वहीत एकाच वर्षाचा आकडा फारसे काही सांगत नाही. गेल्या वर्षी २४० तासांनंतर १२ पिचचे माप ३०७.२ आले आणि यंदा नव्या चेनचे तेवढ्याच तासांनंतर ३०९.४, असे धरू. लांबी पाहिली तर फरक ०.७ टक्का, दुर्लक्ष करावे इतका. वाढ पाहिली तर २.४च्या जागी ४.६ मिमी, ९२ टक्के जास्त. गेल्या वर्षीच्या गतीने ३ टक्क्यांची मर्यादा ९१४ तासांनी आली असती, यंदाच्या गतीने ती ४७७ तासांनी येईल. चेन त्याच मापाची, किनारा तोच. मग बदलले काय, हे त्याच वहीत शोधावे लागते : खोली, धुणे, नवा ऑपरेटर, की झिजलेल्या स्प्रॉकेटवर चढवलेली नवी चेन. शेवटचे कारण सर्वांत जास्त वेळा सुटते. जुन्या चेनने दातांना आकडीसारखा आकार दिलेला असतो आणि नवी चेन पहिल्या दिवसापासून त्या आकाराशी झगडते.

उरला १२०चा प्रश्न. मुंबईत भरती-ओहोटीचे चक्र १२ तास २५ मिनिटांचे आहे आणि रोज ते सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. गर्दीआधीचे, पहाटे ५ ते ९ हे चार तास यंत्राला मिळतात. त्यात ओहोटी पडण्याची शक्यता ४ भागिले १२.४, म्हणजे ३२ टक्के. महिन्याला साधारण १० दिवस, वर्षाला १२०. हे दिवस महिनाभर विखुरलेले नसतात. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणून ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. तिथून ती पुढे सरकते. उदाहरणार्थ, महापुराच्या दिवशी, २६ जुलै २००५ला, ४.४८ मीटरची भरती दुपारी ३.५० वाजता होती आणि पौर्णिमा २१ तारखेला होऊन गेली होती. पाच दिवस गुणिले ५० मिनिटे, हिशेब जवळपास जुळतो. म्हणजे कामाचे दिवस उधाणाभोवती, महिन्यातून दोनदा, पाच-पाचच्या गटात येतात. अशा गटात तीन दिवस यंत्र बंद पडले तर महिन्याचे ३० टक्के काम जाते. भांगाच्या भरतीच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, तेच यंत्र तीन दिवस उघडून ठेवले तर या चार तासांच्या हिशेबातून काही जात नाही.

देखभालीचे वेळापत्रक मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजी महिन्याच्या १ तारखेला बांधलेले असते. १ तारखेला कोणती तिथी येईल याचा नेम नसतो. कोळीवाड्यात जाळी दुरुस्तीला कधी काढायची हे तिथीवरून ठरते, आणि यंत्राचा हिशेबही त्याच तिथीवर उतरतो.

अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी असते. विसर्जनाची दुसरी सकाळ म्हणजे गिरगाव, दादर आणि जुहूला वर्षातली सर्वांत मोठी फेरी, आणि ओहोटी सहाच्या सुमारास. त्या वाळूत खिळे असलेल्या लाकडी पट्ट्या, सुतळी, काथ्या आणि कापड असते, म्हणजे शिअर बोल्ट आणि ऑइल सील या दोघांची परीक्षा एकाच सकाळी. त्याआधीची अष्टमी गौरींच्या आसपास येते. १२ पिचचे माप, डबीतले बोल्ट आणि खालच्या रोलरचे सील पाहायला त्या आठवड्यात सहा दिवस असतात. माप मर्यादेजवळ निघाले, तर चेन बदलायला तेवढे पुरतात. स्प्रॉकेटही बदलायचे असेल तर मागणी महिनाभर आधी, नारळी पौर्णिमेलाच गेलेली असावी लागते.